धनी कोण? : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील द्रव्यविचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा ठरावीक दिशांनी होत आला आहे. धर्मांतराची मानसिक घडण, मराठी गद्याच्या उभारणीतील मिशनऱ्यांचा वाटा आणि बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कृतीला पहिल्या कादंबरीचा मान द्यावा की नाही हा वाद, एवढ्यात ही चर्चा साधारणतः आटोपते. या वाङ्मयात पैशाचा विषय किती ठिकाणी, किती अवघडलेपणाने येतो, याकडे मात्र समीक्षेचे लक्ष अभावानेच गेलेले दिसते. यामागे एक संकोच असावा. एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेल्या माणसावर 'पोटासाठी बाटला' हा आरोप होत आला. त्यामुळे सहानुभूतीने लिहिणारे अभ्यासक पैशाचा उल्लेख टाळतात, आणि विरोधक तो आरोप करून थांबतात. दोन्ही पक्षांना एका गोष्टीचा विसर पडतो. हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने त्या ख्रिस्ती लेखकांनी स्वतःलाच विचारलेला होता, आणि तो विचारण्याची भाषा त्यांना त्यांच्या धर्मग्रंथाने दिली होती.

प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या तिघांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. शुभवर्तमानांत द्रव्याचा जो आध्यात्मिक धोका सांगितला आहे, तो मराठी ख्रिस्ती जीवनात संचित संपत्तीच्या रूपाने फारसा अवतरलाच नाही. तो अवतरला वेतन आणि देणगी यांच्या रूपाने. तो धोका ओळखून त्यावर जे उपाय योजले गेले, त्यांतूनही नवे पेच निर्माण झाले. ते पेच ओळखण्याची दृष्टी या वाङ्मयात एका स्त्रीच्या आत्मकथनाने दिली, असे माझे मत आहे. थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा (१६१६) विचार येथे केलेला नाही. त्या ग्रंथाच्या काळी गोव्यात धर्मसत्ता आणि राजसत्ता एकमेकींना बिलगून होत्या. तेथील द्रव्याचा प्रश्न निराळा आहे आणि तो या चर्चेत ओढून आणल्यास दोहोंवर अन्याय होईल.

२

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. पैशाविषयीचा तुच्छभाव व्यक्त करण्यासाठी मराठी माणूस सहज म्हणतो, पैसा हा हाताचा मळ आहे. संतपरंपरेत द्रव्याला मातीची, धोंड्याची उपमा वारंवार येते. तुकोबांनी सोन्याला मृत्तिकेसमान लेखले, आणि वाट्याला आलेली कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा सांगते. या दोन्ही कल्पनांत, मळाच्या काय आणि मातीच्या काय, द्रव्य ही मुळात क्षुद्र वस्तू आहे. अज्ञानामुळे माणूस तिला मोठी समजतो. ज्ञान झाले, वैराग्य आले, की तिचे खरे मोल कळते आणि मळ धुऊन टाकावा तशी ती आसक्ती धुतली जाते. एवढ्यावर संतांचा द्रव्यविचार संपत नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि उदास वृत्तीने ते वेचावे, असा गृहस्थाचा मार्गही तुकोबांनीच सांगितला आहे. पुरुषार्थांच्या चौकटीत तर 'अर्थ' ही मान्यताप्राप्त गोष्ट आहे. पण धोका सांगताना संतांची भाषा बहुधा क्षुद्रतेची असते, एवढे म्हणता येईल.

शुभवर्तमानांतील भाषा निराळी आहे. मत्तय (६:२४) आणि लूक (१६:१३) यांत येशू द्रव्यासाठी 'मामोना' हा अरमाई शब्द वापरतो. ग्रीक ग्रंथकारांनी त्याचे भाषांतर न करता तो तसाच ठेवला. परिणामी तो शब्द एखाद्या विशेषनामासारखा भासू लागला. काही अभ्यासक या शब्दाचा संबंध 'विश्वसनीय असणे' या अर्थाच्या सेमिटिक धातूशी जोडतात. ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. पण तिच्यामुळे संदर्भ उजळतो, हे खरे. ज्यावर माणूस भरवसा ठेवतो ते मामोन. येशू त्याला मळ म्हणत नाही, माती म्हणत नाही. तो त्याला देवाच्या शेजारी, देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा करतो आणि दोघांची चाकरी एकाच माणसाला करता येणार नाही असे सांगतो. मळ धुता येतो. धन्याला धुऊन टाकता येत नाही. त्याच्या चाकरीतून सुटावे लागते, आणि सुटका बहुधा दुसऱ्या कुणीतरी करावी लागते.

येथे मराठी भाषेने भाषांतरकारांच्या हाती एक अनपेक्षित देणे दिले. या वचनाच्या मराठी रूपांत 'मालक' या अर्थी 'धनी' हा शब्द रूढ झाला आहे. ग्रीकमध्ये 'स्वामी' आणि 'मामोन' या शब्दांत काहीही नाते नाही. मराठीत मात्र ज्याच्यापाशी धन तो धनी, आणि जो धनी तोच मालक. संपत्तीतून सत्ता कशी निपजते हे आपल्या भाषेने एका प्रत्ययात नोंदवून ठेवले आहे. येशूचे वचन मराठीत वाचताना अर्थाला आणखी एक पीळ पडतो. ज्याच्यापाशी धन आहे तो स्वतःला धनी समजतो, पण पाहता पाहता धन हेच धनी होऊन बसते आणि माणूस त्याचा चाकर ठरतो. मूळ ग्रंथात नसलेला हा अर्थालंकार मूळ आशयाशी इतका इमानी आहे, की भाषांतरमीमांसेच्या वर्गात तो उदाहरण म्हणून घ्यावा.

असाच दुसरा शब्द 'लोभ'. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१०) सर्व अनिष्टांचे मूळ म्हणून ज्याचा निर्देश आहे, तो पैसा नव्हे, पैशाची प्रीती आहे. हे वचन इतक्या वेळा चुकीचे उद्धृत होते, की पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही 'पैसा हे पापाचे मूळ, असे बायबल सांगते' हे वाक्य हमखास आढळते. मूळ ग्रीक शब्द 'फिलार्गिरिया' हा चांदी आणि प्रीती यांचा समास आहे. मराठीतील 'लोभ' या शब्दात हव्यास आहे, तसेच ममत्वही आहे. हव्यासासाठी वापरतो तोच शब्द आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहून स्नेहासाठी मागतो. त्यामुळे द्रव्यलोभ म्हणताना मराठीत नुसती खा-खा सूचित होत नाही. जीव कोठे जडला आहे हाही प्रश्न विचारला जातो. जेथे ठेवा तेथे चित्त, ही मत्तयातील (६:२१) जोडणी नेमकी हीच आहे. पौल कलस्सैकरांस लिहिताना (३:५) लोभाला मूर्तिपूजा म्हणतो, त्याचा अर्थही या अंगाने स्पष्ट होतो. त्याच्या मते लोभी माणूस नास्तिक नसतो. त्याची भक्ती शाबूत असते, फक्त ती चुकीच्या दैवताला वाहिलेली असते.

३

धोक्याचे हे स्वरूप शुभवर्तमानांतील कथांत अधिक स्पष्ट होते. लूकमधील मूर्ख धनवानाची कथा (१२:१६-२१) पाहावी. या माणसाने चोरी केलेली नाही, कोणाला नाडलेले नाही. त्याची जमीन पिकली एवढेच. जुनी कोठारे मोडून मोठी बांधावीत, असा त्याचा बेत आहे. कथेचा रोख त्याच्या बोलण्यात आहे. तो फक्त स्वतःशी बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल आणि शेवटी माझा जीव. त्याच्या जगात दुसरा मनुष्य उरलेला नाही, म्हणून त्याच्याशी बोलायला अखेर देवालाच यावे लागते, आणि तेही त्याच रात्री प्राण मागण्यासाठी. याच शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या कथेत (१६:१९-३१) हीच गोष्ट दृश्यरूप घेते. दाराशी पडलेला भिकारी त्या श्रीमंताने हाकलला, असे कोठेही म्हटलेले नाही. त्याला तो दिसला नाही. द्रव्याने आलेले हे आंधळेपण, हा शुभवर्तमानांनी सांगितलेला पहिला धोका होय.

दुसरा धोका मार्कमधील धनवान तरुणाच्या प्रसंगात (१०:१७-३१) आहे. तरुण म्हणून त्याचा निर्देश खरे तर मत्तयात येतो. पण मार्कने एक असा तपशील दिला आहे, जो इतर दोघांनी गाळला. येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. त्यानंतरच सर्व विकून गरिबांना देण्याची आज्ञा येते. ही शिक्षा नसून सोडवणूक आहे, हे त्या एका तपशिलाने कळते. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. त्याची खिन्नता महत्त्वाची आहे. त्याला काय हवे आहे ते त्याला ठाऊक आहे; तिकडे त्याचे पाऊल वळत नाही. बांधलेला कोण, हे तेथे उघड होते.

या प्रसंगाने चर्चच्या इतिहासात मोठी अडचण निर्माण केली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आणि तिसऱ्याच्या आरंभी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, कोणत्या धनवानाला तारण लाभेल या प्रश्नावर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. त्याचे म्हणणे असे, की टाकावयाचे ते मनातील विकार. संपत्ती हे नुसते साधन आहे आणि सर्वांनीच ते टाकले तर भुकेल्याला अन्न कोण देणार? चौथ्या शतकात कैसरियाचा बासिल दुष्काळाच्या छायेत बोलत होता. त्याला हा अंतर्मुख अर्थ पुरेसा वाटला नाही. तुझ्या कोठारात पडलेले धान्य भुकेल्याच्या मालकीचे आहे, अशा आशयाची त्याची भूमिका होती. ख्रिस्ती विचार पुढे या दोन टोकांमध्ये झुलत राहिला. क्लेमेंटचा मार्ग शहाणपणाचा आहे, आणि म्हणूनच तो पळवाट म्हणूनही सर्वाधिक वापरला गेला, हे नमूद करून पुढे जाऊ.

४

आता महाराष्ट्राकडे वळले, की पहिली अडचण अशी, की येथे या कथांचा श्रोता धनवान नव्हता. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती समाजात उच्चवर्णीय सुशिक्षित मोजके होते; अहमदनगर परिसरात पुढे जो मोठा समाज ख्रिस्ती झाला तो प्रामुख्याने अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेला होता. पहिल्या वर्गाला धर्मांतरामुळे घरदार गमवावे लागे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क कागदोपत्री राखला. पण बहिष्कृत माणसाला वडिलोपार्जित घरात पाऊल टाकू देणे हे कायद्याच्या आवाक्याबाहेरचे होते. दुसऱ्या वर्गापाशी गमावण्याजोगे द्रव्य नव्हतेच. त्यामुळे सुईच्या नाकातून न जाणाऱ्या उंटाचा दृष्टांत हे लोक ऐकत होते, तेव्हा तो कोणाला उद्देशून आहे असे त्यांना वाटले असेल? कदाचित मिशनच्या बंगल्याकडे पाहून काहींच्या मनात काही आले असेल. त्याची लेखी नोंद राहणे कठीणच.

तथापि याच समाजात शिकलेल्या ख्रिस्ती माणसापुढे उपजीविकेचा एक मार्ग होता, तो म्हणजे मिशनची नोकरी. शिक्षक, उपदेशक, बायबल विकणारा, पाळक, भाषांतरकार, संपादक: ही सगळी पगारी कामे होती आणि पगार सातासमुद्रापलीकडून येत असे. द्रव्याचा धोका त्यांच्यापुढे उभा राहिला तो येथे. मराठी समाजात चाकरीची एक स्वतंत्र नीती आहे आणि ती 'खाल्ल्या मिठाला जागणे' या शब्दांत साठवलेली आहे. चाकराचा हा सर्वोच्च सद्गुण मानला जातो. मग प्रश्न असा, की जो देवाचा चाकर म्हणवतो पण मीठ मिशनचे खातो, त्याने जागावे कोणाला? मिशनरी साहेबाचे चुकले तर बोलावे की नाही? आणि तो बोलला नाही, तर ती नम्रता समजावी की लाचारी? दोन धन्यांचे वचन या माणसाच्या कानावर पडताना मामोन म्हणजे थैली भरलेला सावकार राहत नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणाऱ्या रकमेचे रूप त्याला येते.

हा पेच केवळ देशी ख्रिस्ती लोकांनाच जाणवला होता असे नाही. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीसाठी आले होते. स्थानिक चर्च स्वतःच्या खर्चाने चालणारे, स्वतःचा कारभार करणारे आणि स्वतः प्रसार करणारे असावे, या तत्त्वाचे ते प्रमुख पुरस्कर्ते. परक्या पैशावर उभे राहिलेले चर्च परक्याचेच राहते, हे त्यांना दिसत होते. तत्त्व मान्य झाले, व्यवहारात मात्र पगारी सेवकांची पद्धत रुजली. दुष्काळात तर तिला पर्यायच उरला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्या हातांनी धान्य वाटले त्याच हातांनी बाप्तिस्माही दिला, आणि त्यातील कोणत्या हाताकडे लोक आले, हे ठरवणे त्यांनाही अवघड गेले असेल.

५

पंडिता रमाबाईंचे उदाहरण देणगीच्या अंगाने पाहण्याजोगे आहे. बॉस्टन येथे डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धार्मिक तटस्थता पाळली जाईल, असे धोरण होते. रमाबाईंच्या प्रार्थनेत मुली बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादाची चर्चा आपल्याकडे स्त्रीशिक्षण विरुद्ध धर्मप्रसार या चौकटीत पुष्कळ झाली. द्रव्याच्या बाजूने पाहिल्यास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. देणगी अटीसह येते, आणि अट मान्य केली की श्रद्धेच्या उच्चारावर देणाऱ्याचा अधिकार निर्माण होतो. येथे अट ख्रिस्ती होण्याची नव्हती, उलट ख्रिस्तीपण आवरण्याची होती. म्हणजे पैसा एकाच दिशेला ओढतो, हे गृहीतच चुकीचे आहे. तो देणाऱ्याच्या दिशेला ओढतो.

दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्याआधीच दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली रमाबाईंनी आणल्या होत्या, आणि केडगावची 'मुक्ती' उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभी राहत होती. जॉर्ज म्यूलर यांच्यासारख्यांची चरित्रे वाचून रमाबाईंनी हमीच्या उत्पन्नावर विसंबण्याऐवजी प्रार्थनेवर विसंबण्याची रीत स्वीकारली. आपल्या या अनुभवाविषयी त्यांनी १९०७ मध्ये जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष' असा होतो. शीर्षकातच द्रव्याचे रूपक आहे, हे लक्षणीय होय. कोठारांच्या दृष्टांताला हे जणू उत्तर आहे. ठेवा अक्षय आहे, पण तो आपल्या कुलपाखाली नाही.

तरीही एक शंका येथे नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. हमी सोडली म्हणून देणगीदार संपले असे होत नाही, ते विखुरतात. एका मंडळाऐवजी अनेक अज्ञात वाचक देणगी देऊ लागतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी कार्याचा वृत्तान्त सतत लिहावा लागतो. पैसा मागावयाचा नाही, पण गरज सांगावयाची, ही रेषा फार बारीक आहे. रमाबाईंनी तिच्यावर तोल सांभाळला तो मुक्तीतील शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशा श्रमाच्या आधाराने, असे मला वाटते. त्यांच्या मराठी बायबलाचे छपाईकाम तेथील स्त्रियांच्या हातून झाले, ही गोष्ट नुसती कौतुकाची नाही. ज्या ग्रंथात दोन धन्यांचे वचन आहे, त्या ग्रंथाचे खिळे जुळवणारे हात कोणाचे मिंधे नव्हते, हा तिचा अर्थ आहे.

६

टिळकांचा प्रश्न देणगीचा नव्हता, वेतनाचा होता. धर्मांतरापूर्वीही ते नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य करीत असत, म्हणजे आश्रयदात्याचे मीठ त्यांना अपरिचित नव्हते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम स्वीकारले. अहमदनगरला अध्यापन केले, पुढे पाळकाची दीक्षा घेतली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. मिशनऱ्यांविषयी त्यांना कृतज्ञता होती आणि त्यांच्या वडीलकीचा जाचही होता. मिशनऱ्यांनी मायबाप होण्याचे सोडून भाऊ व्हावे, अशी त्यांची तळमळ त्यांच्या लेखनात वारंवार व्यक्त होते. ती व्यक्त करणारा माणूस त्याच मिशनचा पगारदार होता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' ही कल्पना त्यांनी मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे येशूचे दोन्ही प्रकारचे शिष्य तीत सामावणार होते. आपल्या या नव्या जीवनाला त्यांनी संन्यास म्हटले. मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, त्यामुळे या प्रयोगाला दीड-पावणेदोन वर्षांहून अधिक आयुष्य लाभले नाही.

या घटनेचा अर्थ लावताना आपली समीक्षा नेहमी एकच वाट धरते. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असे त्यांनीच सांगितले आहे. अखेरीस ते त्या पुलावरून परत भक्तिपरंपरेकडे वळले, असा निष्कर्ष काढला जातो. 'अभंगांजली'चा छंद आणि संन्यासाची भाषा पाहता हे म्हणणे सोपे आहे. पण त्यात महत्त्वाचा भेद पुसला जातो. तुकोबांनी खते बुडविली ती येणे होती. टिळकांनी सोडले ते वेतन. येणे सोडणारा ऋणकोला मोकळे करतो. वेतन सोडणारा स्वतः एका धन्याच्या हाताखालून निघतो. टिळकांनी पैशाला माती म्हणून टाकलेले नाही. पैशातून येणारा अधिकार त्यांनी ओळखला आणि त्या अधिकाराखाली देवाचे काम करता येत नाही असा निर्णय घेतला. संन्यास हा शब्द परंपरेचा असला, तरी निर्णयामागील तर्क मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा आहे. घर न सोडता घेतलेला संन्यास परंपरेच्या दृष्टीने विसंगत वाटतो. धनी बदलणे हा त्याचा गाभा मानला, तर त्यात काही विसंगत उरत नाही.

७

हे घर कसे चालले, हे मात्र टिळकांच्या कवितेत सापडणार नाही. त्यासाठी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडली पाहिजेत.

'स्मृतिचित्रे' वर्गात शिकविताना असे दिसते, की टिळकांच्या अव्यवहारीपणाचे प्रसंग आले की विद्यार्थी हसतात. हसू यावे अशीच लक्ष्मीबाईंची लेखणी आहे. पैसा टिळकांच्या हातात टिकत नाही. तो कोणाला तरी दिला जातो, कशावर तरी उधळला जातो. लहर लागली की ते निघून जातात, माणसे घरी घेऊन येतात, मुले सांभाळायला आणतात. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा कवीही या घरात राहून गेला. या सगळ्यांच्या ताटात काय वाढायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. विनोद म्हणून वाचले की हे प्रसंग तेथेच संपतात. द्रव्यविचार म्हणून वाचले, तर त्यांत टिळकांच्या भूमिकेची कठोर तपासणी आढळते. ती कोठेही तक्रारीच्या सुरात नाही, म्हणूनच तिचे वजन जाणवते.

तपासणी अशी. द्रव्याच्या धाकातून सुटलेला माणूस खरोखर सुटलेला असतो, की त्याच्या वाट्याची चिंता दुसऱ्या कोणी उचललेली असते? उद्याची काळजी करू नका, हे वचन पाळणे ज्याला जमते, त्याच्या घरात उद्याचे पीठ मोजणारे कोणीतरी असते. टिळकांचे औदार्य खोटे नव्हते. लक्ष्मीबाईंना ते तसे वाटले असते तर त्यांच्या लेखनातील माया अशी शेवटपर्यंत टिकली नसती. पण दान देणाऱ्याच्या हातून जाते ते नेहमी त्याचे एकट्याचे असतेच असे नाही, हे त्या प्रसंगामागून प्रसंगांत दाखवितात.

ही दृष्टी शुभवर्तमानांना परकी नाही. टिळकांनी आणि त्यांच्या चरित्रकारांनी मात्र तिच्यावर भर दिला नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात (७:९-१३) 'कुर्बान'ची चर्चा आहे. आपले द्रव्य देवाला वाहिले असे जाहीर करून आईबापांना त्यापासून वंचित ठेवणाऱ्यांवर येशू तेथे कोरडे ओढतो. देवाला दिले हे कारणही माणसाची जबाबदारी झटकण्यासाठी वापरता येते, हा द्रव्याच्या धोक्याचा सर्वांत सूक्ष्म प्रकार होय. तेथे मामोन देवाचेच नाव धारण करून येतो. बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन दमड्यांची कथाही (१२:४१-४४) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. दानाचा आदर्श म्हणून ती प्रवचनांतून सांगितली जाते. तिच्या लगेच आधीच्या वाक्यात विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांची निर्भर्त्सना आहे, हे सहसा सांगितले जात नाही. तिने सर्वस्व दिले हे थोर. ते सर्वस्व एवढेसेच का उरले होते, हा प्रश्न मार्कने एका ओळीच्या अंतरावर ठेवला आहे.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचा आरंभ त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने होतो. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुऊन घेतल्याखेरीज चालत नाही, असे ते घर. धोका वस्तूच्या स्पर्शात आहे, ही तेथील समजूत. सोवळ्याच्या त्या घरातून लक्ष्मीबाई टिळकांच्या घरात आल्या, जेथे कोणतीही वस्तू हातात ठरत नसे, आणि न ठरणे हेच पावित्र्य समजले जात असे. दोन्ही घरांत राबण्याचा भार स्त्रीवर होता. या दोहोंतून त्यांनी स्वतःची अशी जी रीत घडविली, तिला सिद्धान्ताचे नाव त्यांनी दिले नाही आणि आपणही घाईने देऊ नये. हिशेब ठेवावा, पण त्यात आलेल्या-गेलेल्यासाठी जागा असावी. काटकसर करावी, पण दाराशी आलेला माणूस दिसत राहावा. लूकमधील श्रीमंताला जे जमले नाही ते थोडक्या मिळकतीतल्या या गृहिणीला साधले होते. क्लेमेंटने प्रबंध लिहून जी मधली वाट शोधली, ती येथे स्वयंपाकघरातून जाते, आणि पळवाट होत नाही; कारण या वाटेवर चालणारीला स्वतःसाठी काही राखून ठेवण्याची सोयच नाही.

या संदर्भात 'ख्रिस्तायना'च्या कर्तृत्वाचा मुद्दा नव्याने विचारात घ्यावा लागेल. टिळकांनी हे महाकाव्य आरंभिले. सुरुवातीचे अध्याय लिहून झाले आणि ते गेले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा भाग टिळकांच्या कवित्वापुढे फिका आहे, एवढे म्हणून अभ्यासक पुढे जातात. छंद आणि प्रतिमा यांच्या बाबतीत ते खरे असेलही. पण तीस नाण्यांसाठी धन्याला विकणाऱ्या शिष्याची कथा ज्या दुःखभोगपर्वात येते, ते पर्व त्यामुळे वेतन सोडणाऱ्या संन्याशाच्या वाट्याला आले नाही. ते त्याच्या घरचा जमाखर्च वाहणाऱ्या स्त्रीच्या हातून लिहिले गेले. त्या भागाचे या अंगाने सविस्तर वाचन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.